ड्रिलला लाजायचं कशाला?

ऑकलंडच्या हार्बर ब्रिजला लागून वेस्टहेवन मरिना आहे. शनिवारी सकाळी तिथल्या धक्क्यावरून चालत गेलात तर शिडाच्या बोटींवरून दोन तऱ्हेचे आवाज कानावर येतात. एक जुना : विंचची कटकट, आणि तिच्या जोडीला कुणीतरी टाकलेल्या धापा. दुसरा अलीकडचा : भिंतीला भोक पाडताना येतो तसला घर्रर्र आवाज. हा दुसरा आवाज आला की शेजारच्या बोटींवरचे दोन-तीन काका चहाचे मग हातात धरून एकमेकांकडे बघतात आणि मिशीतल्या मिशीत हसतात. आवाज बहुतेकदा आमच्या बोटीवरून येत असतो आणि ड्रिल माझ्या हातात असतं.

मी फिजिओथेरपिस्ट. मूळची दादरची, लग्न होऊन इकडे आले, नोकरी केली, निवृत्त झाले. नवरा इंजिनिअर. आमची बोट ३६ फुटी, आणि आम्हा दोघांच्या वयांची बेरीज सव्वाशेच्या पुढे. दर मोसमात आम्ही हौराकीच्या आखातात हिंडतो. जवळ रंगीटोटो, जरा लांब वायहेके, अंगात दम असेल तर आणखी उत्तरेला. शीड वर चढवायचं काम माझं आणि ते मी बॅटरीच्या ड्रिलनं करते. त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही, आणि ज्यांना वाटतं त्यांचं कुठे चुकतं हे सांगायला हा लेख. मात्र त्यांचा एक आक्षेप खरा आहे. त्याच्याकडेही येते.

आधी विंच म्हणजे काय ते सांगते, कारण दादर चौपाटीवरून बोट बघणाऱ्याला ती दिसत नाही. डेकवर पक्का बसवलेला धातूचा एक ढोल. त्याला दोराचे तीन-चार वेढे द्यायचे, डोक्यावरच्या आठ कोनांच्या खाचेत हँडल खुपसायचं आणि फिरवायचं. आत गिअर असतात आणि सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात तशा स्प्रिंगवरच्या खिट्ट्या. त्यांच्यामुळे ढोल एकाच बाजूला फिरतो, उलटा सुटत नाही. गंमत अशी की हँडल एका दिशेनं फिरवलं की एक गिअर लागतो, उलट फिरवलं की दुसरा, ढोल मात्र दोन्ही वेळा त्याच बाजूला फिरत राहतो. विंचच्या नावात ४० असा आकडा असला तर समजायचं, की जड गिअरमध्ये हँडलवर १ किलोचा जोर लावला की दोरावर सुमारे ४० किलोचा ताण येतो. घर्षणात थोडाबहुत जातो.

आता हिशेबाची दुसरी बाजू. हँडल १० इंचाचं. एका फेऱ्यात हात १६० सेंटिमीटर फिरतो आणि दोर आत येतो अवघा ४ सेंटिमीटर. मीटरभर दोर ओढायचा तर २५ फेरे. पुढचं मोठं शीड ३७ चौरस मीटरचं धरलं, तर १० नॉट वाऱ्यात त्याच्या दोरावर ७५-८० किलोचा ताण असतो. वारा २० नॉट झाला की तो ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे ३०० किलोच्या वर. घर्षण धरून हँडलवर ११-१२ किलो. आता हे डुलत्या डेकवर, गुडघ्यावर बसून, अंग पिळून, दर वेळी बोट वळवली की. दोन-तीन वेळा कुणालाही जमतं. दिवसभर वाऱ्याच्या तोंडावर जायचं असेल तर दुपारनंतर खांदा बोलायला लागतो.

यावर पैसेवाल्यांचा उपाय जुनाच आहे : इलेक्ट्रिक विंच. डेकखाली मोटर, बॅटरीपासून मनगटाच्या हाडाएवढी जाड वायर, पायाशी बटण, आणि बिलाचा आकडा लाखांत. गरिबांचा उपाय हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. विंच बिट नावाचा स्टीलचा तुकडा असतो. एका टोकाला ड्रिलच्या चकमध्ये बसणारा षटकोनी दांडा, दुसऱ्या टोकाला विंचच्या खाचेत बसणारा अष्टकोनी तारा. झालं. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या समुद्रभटक्यांमध्ये मिलवॉकी कंपनीचं २८ व्होल्टचं काटकोनी ड्रिल यासाठीच नावाजलेलं आहे. फ्रान्समध्ये तर इविंचर नावाचं मोटर बसवलेलं हँडलच निघालं. माझं ड्रिल साधं, १८ व्होल्टचं, काटकोनी. नवऱ्यानं घरातली फडताळं बसवायला आणलं होतं. ते आता फडताळापर्यंत पोचत नाही.

बॅटरी किती पुरते, हा प्रश्न सगळे विचारतात. नवऱ्यानं पाकिटाच्या मागे केलेला हिशेब देते. आमचं मेनसेल, म्हणजे डोलकाठीवर चढणारं मुख्य शीड, त्यातल्या आडव्या पट्ट्यांसकट ४० किलोचं धरू. त्याचं वजन सरासरी ५ मीटर वर जातं. म्हणजे काम झालं २००० ज्यूलच्या आत-बाहेर, अर्ध्या वॉट-अवरच्या आसपास. घर्षणाला, गिअरला, मोटरच्या गरम होण्याला तिप्पट देऊन टाका, तरी २ वॉट-अवर होत नाहीत. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ९० असतात. एका चार्जवर शनिवार-रविवार तर निघतोच, वर सोमवारी घरी स्क्रू पिळायलाही उरते.

आता काकांच्या हसण्याकडे वळते. त्यांचं पहिलं म्हणणं : ही फसवणूक आहे. शिडाची बोट माणसाच्या बळावर चालवायची असते.

शर्यतीत हे खरं आहे आणि मला मान्य आहे. शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला ५२ वा नियम तेच सांगतो : शिडं, दोर, डोलकाठ्या, पाण्याखालची हलती पाती, सगळं फक्त बोटीवरच्या माणसांच्या ताकदीनं हलवायचं. पण हा नियम आयोजकांना बाजूला ठेवता येतो, आणि सर्वांत मानाच्या ठिकाणी तो ठेवला गेला आहे. २०१० साली व्हॅलेन्सियाला अमेरिकाज कपची लढत झाली तेव्हा दोन्ही महाकाय बोटींवर विंच फिरवायला इंजिनं होती. सिडनी-होबार्ट शर्यतीत वाइल्ड ओट्स इलेव्हनसारख्या १०० फुटी बोटी इंजिनाच्या जोरावर विंच फिरवून पहिल्या आल्या आहेत. त्यांना कुणी धक्क्यावर उभं राहून हसत नाही.

आमच्या न्यूझीलंडचीच गोष्ट घ्या. २०१७ साली बर्म्युडात टीम न्यूझीलंडनं हातानं फिरवायचे ग्राइंडर काढून बोटीवर सायकलींसारखी पॅडल बसवली आणि त्यावर लंडन ऑलिंपिकमध्ये सायकलिंगचं कांस्यपदक मिळवलेला सायमन व्हॅन व्हेल्टहूवन आणून बसवला. हातापेक्षा पायात ताकद जास्त असते, इतकंच साधं गणित. कप ऑकलंडला आला, गावभर मिरवणूक निघाली. आता २०२७ ला नेपल्समध्ये होणाऱ्या अमेरिकाज कपसाठी पॅडल मारणारे गडीच बोटीवरून उतरवले आहेत आणि त्यांच्या जागी बॅटरी येते आहे. त्याच नियमांत दुसरी एक अट आहे : बोटीवरच्या पाच खलाशांत किमान एक स्त्री हवी. या दोन अटी एकाच कागदावर आल्या याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. दंडाच्या घेरावर निवड होत होती तोवर बायकांना बोटीवर जागा क्वचितच मिळे. घेराची अट गेली आणि दार किलकिलं झालं.

बरं, परंपरेचंच बोलायचं तर ती कुठून मोजायची? १९०२ साली अमेरिकेत थॉमस डब्ल्यू. लॉसन नावाचं सात डोलकाठ्यांचं जहाज पाण्यात उतरलं. शिडावर चालणारं, आगगाडीएवढं लांब, आणि त्यावर माणसं जेमतेम दीड डझन, कारण शिडं उचलायला वाफेवरचे विंच होते. म्हणजे शीड आणि यंत्र यांचा संसार सव्वाशे वर्षांचा आहे. हातानं फिरवायचा विंच तरी काय, एके काळी जास्तीचे चार गडी लागू नयेत म्हणून आणलेली सोयच होती ना? प्रत्येक पिढी आपल्या तारुण्यात होती ती सोय सोवळ्यात धरते आणि पुढची आली की नाक मुरडते.

सोवळं पाळायचा अधिकार कुणाला असेल तर लिन आणि लॅरी पार्डी यांना. सेराफिन आणि टॅलीसिन या दोन छोट्या, स्वतः बांधलेल्या बोटींवर या जोडप्यानं इंजिनच न ठेवता जग पालथं घातलं आणि शेवटी घर केलं ते इथेच, ऑकलंडच्या उत्तरेला कावाऊ बेटावर. लिनबाई लहानखुऱ्या अंगाच्या. त्यांनी माझ्या ड्रिलला नावं ठेवली असती तर मी मान खाली घालून ऐकून घेतली असती. पण माझ्या शेजारच्या काकांच्या बोटीत ४० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन आहे, नांगर उचलायला बटणाचं यंत्र आहे, सुकाणू धरायला ऑटोपायलट आहे आणि बिअर गार ठेवायला फ्रिज आहे. एवढ्या सगळ्यातून फसवणूक नेमकी माझ्या मनगटाशी येऊन सुरू होते काय?

दुसरं म्हणणं : व्यायाम होतो की! हे माझ्याच दुकानात येऊन मला माल विकण्यासारखं आहे, म्हणून जरा नीट उत्तर देते. व्यायाम म्हणजे ठरवून, मापात, योग्य अंगस्थितीत दिलेला भार. तो तुम्ही सुरू करता आणि तुम्हीच थांबवता. विंचवरचा भार वारा ठरवतो. खांद्याच्या आत सुप्रास्पायनेटस नावाचा एक छोटा स्नायू असतो. हात बाजूला उचलायला सुरुवात तो करतो. त्याची दोरी हाडाच्या अरुंद कमानीखालून जाते आणि साठीनंतर ती बऱ्याच जणांत आधीच विरलेली असते, दुखत नसली तरी. धड वळवलेलं, कोपर लांब, वरून झटका : ती विरलेली दोरी तुटायला याहून चांगला मुहूर्त नाही. उन्हाळा संपला की आमच्याकडे असे खांदे यायचे. खुर्चीवर बसल्या बसल्या माणूस सांगायचा, ‘अहो, नेहमीसारखंच तर फिरवत होतो.’ नेहमीसारखंच, पण वय नेहमीचं राहिलेलं नाही. पुढे सहा महिने केस विंचरायला दुसरा हात.

बायकांचं आणखी एक. वरच्या अंगातली ताकद स्त्रियांमध्ये सरासरीनं पुरुषांच्या निम्मी ते दोन-तृतीयांश भरते. ही काही कमतरता नाही, शरीराची ठेवण आहे. पण विंचचा आकार, हँडलची लांबी, शिडाचं क्षेत्रफळ हे सगळं ज्या दंडाचं माप घेऊन ठरवलं गेलं तो दंड माझा नव्हता. त्यातून शिडाच्या बोटीवरच्या नवरा-बायकोत कामाची वाटणी कशी असते ते बघा. सुकाणू दोन बोटांनी फिरतं, ते धरून नवरा उभा. विंचला ताकद लागते, तिथे बायको वाकलेली. आणि वर ‘ओढ, ओढ, अजून ओढ’ हा मंत्रघोष. कुठल्याही नांगरवाड्यात संध्याकाळी जाऊन बघा, दहातल्या सहा-सात बोटींवर हेच चित्र. मी यावर आमच्या ह्यांना प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, ‘मग तू घे सुकाणू.’ घेतलं. आता कधी मी सुकाणूवर असते, कधी ते. ड्रिल आल्यापासून कोण कुठे उभं राहणार हे ताकदीवरून ठरत नाही, त्या दिवशी कुणाला काय करावंसं वाटतं त्यावरून ठरतं.

आणि एक गोष्ट मोठ्यानं बोलायला जोडपी कचरतात. नवरा पाण्यात पडला तर? ८०-९० किलोचा, भिजलेला, गारठलेला माणूस दीड मीटर वर ओढून डेकवर घ्यायचा. शीड चढवायचा दोर आणि विंच हाच त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग. हिशेबानं माझी ताकद पुरते, कारण ४० च्या विंचवर हँडलला तीन-चार किलो. पण दीड मीटर म्हणजे चाळीसएक फेरे, आणि तेवढ्यात मला त्याच्याकडे बघायचंय, दोर कडेला घासत नाही ना ते बघायचंय, बोट कुठे चाललीय ते बघायचंय. ड्रिल असलं की चाळीस फेऱ्यांचा दम वाचतो. तो दम बघायला आणि विचार करायला वापरता येतो.

आता तो खरा आक्षेप. जाणते लोक तो हसून सांगत नाहीत, गंभीरपणे सांगतात : ड्रिलला काही कळत नाही.

हे अगदी बरोबर आहे. हँडल हातात असतं तेव्हा दोराच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते तळव्याला कळतं. मेनसेल वर जाताना त्यातल्या आडव्या पट्ट्यांपैकी एखादीचं टोक शिडाला दोन्ही बाजूंनी आवरून धरणाऱ्या दोऱ्यांत अडकतं. हे नेहमीचं आहे. हातानं फिरवताना हँडल एकदम जड होतं. माणूस थांबतो, वर बघतो, ‘अरे, अडकली’ म्हणतो, दोर वीतभर सैल सोडतो, वाऱ्यानं शीड हललं की पट्टी सुटते. ड्रिलला हे जडपण ओझं वाटत नाही. त्याच्या आवाजाची पट्टी खाली उतरते, एवढंच. त्याकडे लक्ष गेलं नाही तर पट्टीचा खिसा टरकन फाटतो आणि शिवणाराकडचं बिल ड्रिलच्या किमतीच्या वर जातं. हाच धोका वेढ्यावर वेढा चढून दोर ढोलावर आवळला जातो तेव्हा. बोट आत गेलं तर? माणसाचा हात थांबला असता. मोटर थांबत नाही, कारण तिला दुखत नाही.

दुसरा धोका उलट्या झटक्याचा. ड्रिल विंचला जेवढं पिळतं तेवढंच विंच ड्रिलला उलट पिळतं, आणि ड्रिल धरलेलं असतं तुमच्या मनगटानं. वर सांगितलेला ११-१२ किलोचा भार १० इंचांच्या हँडलवर म्हणजे ३० न्यूटन-मीटर. पिस्तुलासारख्या ड्रिलची मूठ आखूड, त्यामुळे तेवढ्यासाठी मुठीत पंधराएक किलोचा झटका येऊ शकतो, तोही अचानक, दोर ताठ झाला त्या क्षणी. काटकोनी ड्रिलचं धड आडवं आणि लांब असतं. दोन्ही हात लांबवर धरता येतात, झटका निम्म्यावर येतो. शिवाय गिअर बदलायला ड्रिल उलटं फिरवायचं बटण दाबलं की झटकाही उलट्या बाजूनं येतो. हे पहिल्यांदा कुणी सांगत नाही. घरात पडून असलेलं स्वस्तातलं पिस्तूल-ड्रिल घेऊन जो उत्साहानं विंचकडे जातो त्याला मी हात धरून थांबवते. मनगटाच्या पिळाच्या दुखापतीही बघितल्या आहेत मी पुष्कळ.

म्हणजे मुद्दा असा झाला. हातानं विंच फिरवताना दोन कामं एकदम व्हायची : एक ओझं ओढायचं, दुसरं ओझ्याची खबर घ्यायचं. ड्रिल पहिलं काम घेतं, दुसरं सोडून देतं. ज्यांना वाटतं की पहिलं काम म्हणजेच नौकानयन, ते चुकतात. आणि ज्यांना वाटतं की ड्रिल आलं म्हणजे दोन्ही कामं संपली, ते त्याहून जास्त चुकतात. ओढणं हे कष्ट आहे. खबर घेणं हे कसब आहे. कष्ट खुशाल यंत्राला द्यावेत. कसब दुसऱ्या वाटेनं परत आणावं लागतं, आणि ती वाट डोळ्यांची आणि कानांची आहे.

आमच्या बोटीवर ते असं आणतो. शीड चढताना माझी नजर विंचवर नसतेच, डोलकाठीच्या शेंड्यावर असते. हातानं फिरवत होते तेव्हा उलट होतं. खाली मान, घामेजलेलं कपाळ, नजर डेकच्या लाकडावर. आता मोकळ्या मानेनं वर बघता येतं. खरं सांगायचं तर शिडावर माझं लक्ष आधीपेक्षा जास्त असतं. ट्रिगर एकसलग दाबून धरायचा नाही, टप्प्याटप्प्यानं दाबायचा. ड्रिल हलक्या वेगाच्या गिअरवर ठेवायचं, कारण विंच भोकं पाडायच्या वेगासाठी बनलेला नाही. ड्रिलचा सूर जरा उतरला की बोट काढायचं, मग कारण शोधायचं. आणि शेवटचा हातभर दोर कधीही ड्रिलनं घ्यायचा नाही. तिथे ड्रिल काढते, त्याच खाचेत हँडल बसवते आणि शिडाच्या पुढच्या कडेवरची सुरकुती जाईपर्यंत हातानं दोन-चार फेरे देते. शीड किती ताणायचं हे त्या दोन-चार फेऱ्यांत ठरतं. त्याच्या आधीची वीस मिनिटं नुसती हमाली असते.

माणूस डोलकाठीवर चढवायचा असेल तर ड्रिलचा विषयच काढायचा नाही. वर कप्पी असते, तिच्यापाशी माणूस पोचला आणि ट्रिगरवरचं बोट क्षणभर राहिलं तर काय होईल ते लिहायची गरज नाही. कुणी म्हणेल, पाण्यातला माणूस ड्रिलनं काढते म्हणालात ना? हो. तो पाण्यातून डेकच्या कठड्यापर्यंतच यायचा असतो, माझ्या डोळ्यांसमोर असतो, कप्पी खूप वर असते आणि उशीर झाला तर गारठून मरतो. डोलकाठीवर कुणी अशा घाईनं चढत नाही. तिथे हातच हवा.

बॅटरी संपली तर काय, हा प्रश्न मी शेवटी ठेवला कारण त्याचं उत्तर एका वाक्यात आहे : हँडल काढायचं. ड्रिलच्या बिटची आणि हँडलची खाच एकच. म्हणून हँडल नेहमी त्याच्या खिशात, हाताच्या अंतरावर. विंचची निगाही तशीच राखावी लागते. दर मोसमात उघडून धुवायचा, गिअरना हलकं ग्रीस आणि खिट्ट्यांना फक्त पातळ तेल. खिट्ट्यांना ग्रीस फासलं की त्या चिकटतात, आणि चिकटलेली खिट्टी भाराखाली सुटली तर हँडल उलटं येऊन हाड मोडतं. ड्रिल आहे म्हणून विंच उघडायचा कंटाळा करणारा माणूस मात्र हसण्याच्या लायकीचा आहे. खाऱ्या हवेत ड्रिल फार वर्षं टिकत नाही, आणि त्याच्या आवाजानं सकाळी सहा वाजता शेजारी जागे होतात, ही दोन्ही गाऱ्हाणी मी निमूट मान्य करते. आठच्या आधी मी ट्रिगर दाबत नाही.

हे सगळं मराठी वर्तमानपत्रात कशाला, असं कुणी विचारेल. एक तर शिडाच्या बोटींशी आपलं नातं वाटतं त्याहून जवळचं आहे. जगाला एकट्यानं, न थांबता पहिली प्रदक्षिणा घातली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टननं १९६८-६९ मध्ये, आणि त्याची सुहैली ही ३२ फुटी सागवानी बोट बांधली गेली होती मुंबईत. गोव्यात दिवाडीच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली तारिणी २०१७ साली सहा नौदल अधिकारी महिलांना घेऊन जगाच्या फेरीला निघाली आणि वाटेत आमच्या लिटलटन बंदरात थांबून गेली. त्या पोरी बघून मुंबई-गोव्यात आज ज्या मुली शिडाचा दोर हातात घेतील त्यांनी तो साठीत, सत्तरीतही धरावा असं मला वाटतं. विशीत ताकद असते, तिचा प्रश्न नाही. प्रश्न पुढच्या चाळीस वर्षांचा आहे.

आणि दुसरं कारण माझ्या पेशातलं. इथे मुलांकडे सहा महिन्यांसाठी येणारे आपले आई-वडील मी बघितले आहेत. गुडघे दुखत असतात, तोल जात असतो, पण काठी हातात घेणार नाहीत. वॉकर दाराआड. ‘अजून तेवढी वेळ आली नाही,’ असं म्हणत भिंतीला धरून चालतात, मग एक दिवस बाहेर जायचंच बंद करतात. काठी घेतली असती तर कोपऱ्यावरच्या बागेत रोज गेले असते. कष्ट सोसण्याला आपण इतकं पुण्य चिकटवून ठेवलं आहे की ते वाचवणारं साधन हातात घ्यायला माणूस लाजतो आणि ज्यासाठी कष्ट करत होता ती गोष्टच सोडून देतो. बोटींचं तेच होतं. वेस्टहेवनमध्ये मोसमाअखेर विक्रीच्या पाट्या लागतात. मालकाला विचारलं तर समुद्राचा कंटाळा आला असं सहसा कुणी म्हणत नाही. म्हणतात, ‘शिडं झेपेनात.’

म्हणून माझं मागणं साधं आहे. शर्यतीत ५२ वा नियम ज्यांना हवा त्यांनी जरूर पाळावा, मी टाळ्या वाजवायला येईन. पण हौशी मंडळींना शिडाची बोट शिकवणाऱ्या क्लबांनी, इथल्या आणि मुंबईतल्याही, ड्रिलचा धडा उघडपणे अभ्यासक्रमात घालावा. कुठलं ड्रिल घ्यायचं, कसं धरायचं, झटका कुठून येतो, कुठे थांबायचं, कुठे अजिबात वापरायचं नाही. आज हे ज्ञान धक्क्यावर कुजबुजत दिलं-घेतलं जातं, कारण विचारायची लाज वाटते, आणि लाजेपोटी न विचारलेल्या गोष्टीत मनगटं मोडतात. ज्याच्यावर हसायचं त्याचा धडा कुणी लिहीत नाही. हसणं थांबलं की धडा लिहिला जाईल, आणि ‘शिडं झेपेनात’ म्हणून लागणाऱ्या पाट्यांपैकी काही तरी नक्की उतरतील.

शेजारच्या काकांपैकी एकांनी गेल्या महिन्यात विंच बिट कितीला पडला म्हणून विचारलं. बायकोसाठी हवाय, म्हणाले. मी किंमत सांगितली, दुकानाचं नाव सांगितलं, आणि काटकोनी ड्रिलच घ्या असं दोनदा बजावलं.